पाच दिवस एकाच गावी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोचले. पाठीवर एक पिशवी घेऊन लाओस देशात जावे आणि हाती असलेल्या पाच दिवसांत विएन्तियान, वांग विएंग व लुआंग प्रबांग ही तिन्ही स्थळे पाहून परतावे, हा तुझा मनसुबा वाचताना एकट्याने निघण्याच्या तुझ्या हिमतीचे कौतुक वाटले आणि त्याच क्षणी त्या हिमतीचे निम्मे फळ सामान बांधण्या-सोडण्यातच खर्ची पडेल अशी काळजीही वाटली. 2021 च्या डिसेंबरात चिनी सरहद्दीपासून विएन्तियानपर्यंतचा लोहमार्ग खुला झाल्यापासून राजधानीतून लुआंग प्रबांगला सुमारे दोन तासांत जाता येते. मी गेले तेव्हा डोंगरातली वळणे घेत बसने सबंध दिवस खाल्ला होता. वाट सोपी झाली, हे चांगलेच झाले. तरीही माझी शिफारस अशी की वाचलेला वेळ दुसऱ्या गावावर उधळू नकोस, पाचही दिवसांचा मुक्काम लुआंग प्रबांगलाच ठेव.

मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या संगमाशी जमिनीची जी चिंचोळी जीभ पुढे आली आहे, तिच्यावर हे जुने नगर वसलेले आहे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत चालले तरी ते पाऊण तासात संपते. 1353 मध्ये फा न्गुम राजाने लान सांग, म्हणजे दहा लाख हत्तींचे राज्य, येथूनच उभारले. पुढे 1560 मध्ये राजधानी विएन्तियानला गेली आणि प्राबांग नावाच्या पूज्य बुद्धमूर्तीवरून या नगराचे आजचे नाव रूढ झाले. फ्रेंचांचा अंमल आला तसा गेला, 1975 मध्ये राजसत्ताही खालसा झाली, आणि 1904 साली बांधायला घेतलेला राजवाडा आता संग्रहालय म्हणून उभा आहे. लाकडी घरे, फ्रेंच धाटणीच्या खिडक्या आणि त्यांच्या अधूनमधून विहारांची उतरती छपरे, असे हे मिश्रण 1995 पासून जागतिक वारशात नोंदलेले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले, ती सांगते. उजाडण्याच्या सुमारास विहाराविहारांतून केशरी चीवरे पांघरलेले भिक्षू अनवाणी पावलांनी, वडीलधारा पुढे आणि बालश्रामणेर शेवटी अशा ओळीने बाहेर पडतात. रस्त्याच्या कडेला चटयांवर बसलेली गावची माणसे, बहुधा बायकाच, वेताच्या डबीतून चिकट भाताचा घास चिमटीने उचलून प्रत्येकाच्या पात्रात ठेवतात. आणि हे सर्व इतक्या निःशब्दपणे चालते की पात्राचे झाकण मिटल्याचा आवाजही कानी येतो. याला तेथे ताक बात म्हणतात. पहिल्या दिवशी मी छायाचित्रक हाती घेऊन थेट त्या ओळीच्या समोर, चार हातांवर जाऊन उभी राहिले. आठदहा वर्षांचा एक श्रामणेर माझ्यापाशी आला तेव्हा त्याने मान आणखी खाली घातली. शेजारच्या चटईवरील एका वृद्धेने, कपाळाला आठी न घालता, तळहात जमिनीकडे करून मला खाली बसण्याची खूण केली. मी बसले, आणि त्यानंतर तेथे एकही छायाचित्र मला घेववले नाही.

त्या क्षणी मला तुझ्या आजोबांची आठवण झाली. पुण्यात शिकत असताना ते पाच घरी माधुकरी मागत, हे तुला ठाऊक असेल. उतारवयात एकदाच ते माझ्याशी त्याविषयी बोलले. भूक विसरलो, असे म्हणाले, परंतु एका घरी पाहुणे जमले असताना उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या आपल्याकडे सगळ्यांनी वळून पाहिले होते, ते मात्र साठ वर्षे झाली तरी विसरता आले नव्हते. भिक्षूंची भिक्षा आणि गरीब विद्यार्थ्याची माधुकरी या एक नव्हेत. तेथे घेणाऱ्यापेक्षा देणाराच स्वतःला उपकृत मानतो, आणि मिळालेल्या भातातून काही घास भिक्षू रस्त्यात टोपली घेऊन बसलेल्या गरीब मुलांना देतात. तरीही पुढे केलेल्या पात्राकडे रोखून पाहू नये, ही रीत दोन्हीकडे सारखीच असली पाहिजे, असे मला वाटते.

म्हणून तू रस्त्याच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून, गुडघे झाकतील असे वस्त्र नेसून थांब. आपले मस्तक भिक्षूंच्या मस्तकापेक्षा उंच राहू नये, असा तेथला संकेत आहे. स्वतः द्यावेसे वाटले तर पदपथावर आयत्या वेळी विकायला येणारा भात घेऊ नकोस. ज्या घरी उतरशील तेथील बाईंना आदल्या रात्री विनंती कर, त्या पहाटे तुझ्यासाठी भात वाफवतील आणि कसे बसायचे तेही दाखवतील. मनात श्रद्धा नसेल तर देऊ नये. दुरून पाहण्यात काही उणे नाही.

वाट सिएंग थोंग हे मंदिर मात्र दोनदा पाहा, एकदा सकाळी आणि एकदा उन्हे कलल्यावर. 1560 च्या सुमारास सेत्थाथिरात राजाने बांधलेल्या या वास्तूची छपरे जमिनीला टेकू पाहतात, आणि मागच्या भिंतीवर रंगीत काचांनी जडवलेला वृक्ष तिरप्या उन्हात पेटल्यासारखा दिसतो. त्याच आवारात राजाच्या अंत्यरथाची शाळा आहे. तिच्या दर्शनी भागावर कोरलेले प्रसंग तुला परके वाटणार नाहीत, कारण ते रामकथेचे आहेत. लाओ लोक तिला फ्रा लाक फ्रा लाम म्हणतात, म्हणजे लक्ष्मणाचे नाव आधी, आणि त्यांचा राम हा बुद्धाचाच पूर्वजन्म. तेथल्या प्रार्थनागृहाला सिम म्हणतात, ती आपली सीमा. स्तूपाला थात, तो आपला धातू. आणि पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू विहार सोडून मुक्कामाला जात नाहीत, तो वर्षावास; आपल्या सह्याद्रीतली लेणी ज्यासाठी खोदली गेली, तोच.

जेवणाविषयी थोडे. चिकट भात हाताने खातात, तेव्हा तुझी पंचाईत होणार नाही. परंतु जेओ बोंग नावाच्या झणझणीत चटणीत म्हशीचे कातडे असते आणि भाजीतही आंबवलेल्या मासळीचे पाणी घालतात, हे तू शाकाहारी म्हणून आधी विचारून घे. नदीतल्या शेवाळाचे तीळ लावून वाळवलेले पापड, काइपेन, अवश्य खा. कुआंग सीचा धबधबा सुमारे तीस किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर गेलास तर निळ्या पाण्याच्या कुंडांपाशी शांतता मिळेल. फूसीच्या टेकडीवर सूर्यास्ताला गर्दी लोटते, पहाटे चढ.

एक दुपार स्फोटक-निर्मूलन केंद्राच्या प्रदर्शनासाठी राखून ठेव. 1964 ते 1973 या नऊ वर्षांत अमेरिकेने या लहानशा देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले, त्यांतले कित्येक कोटी छोटे गोळे फुटलेच नाहीत, आणि शेतात नांगर धरणाऱ्याला किंवा चेंडूसारखे काही दिसले म्हणून उचलणाऱ्या मुलाला ते आजही सापडतात. हसतमुख माणसांच्या देशात आपण गेलो, एवढेच सांगत परत येऊ नकोस. आणि गावाबाहेर भटकताना मळलेली पायवाट सोडू नकोस, ही माझी विनंती नव्हे, ताकीद समज.

बाकीचा वेळ मोकळा ठेव. माझ्या चौथ्या संध्याकाळी मी नाम खानच्या काठी, दर कोरड्या हंगामात नव्याने बांधतात आणि पावसाबरोबर नाहीसा होतो त्या बांबूच्या पुलाजवळ, दोन तास नुसती बसून होते. पलीकडे एक बाई भाजीच्या वाफ्यांना झारीने पाणी घालीत होती. अंधारताना विहारातला ढोल वाजला, तिने झारी पालथी ठेवली आणि मला पाहून हात जोडले. मीही जोडले. सबाइदी हा एक शब्द तेवढा मला येत होता, आणि तो पुरला.

प्रवेशपरवान्याची तजवीज निघण्यापूर्वी कर. डिसेंबरात पहाटे तेथे थंडी असते, लोकरीचा सदरा बरोबर घे. माझ्या स्वयंपाकघरात फडताळावर वेताची भाताची डबी आहे, ती येथून जाताना घेऊन जा. तिची कड उसवली आहे, तेथल्या बाजारात कोणी विणून देईल तर पाहा. तुझ्या आईवडिलांस सांगावे की माझी प्रकृती ठीक आहे.

तुझी,
आत्या