कार्यालयातील संगणक आणि अँटीव्हायरसचे अद्ययावतीकरण

सातबारा, जन्ममृत्यूच्या नोंदी, वेतनदेयके यांसारखी कामे आता संगणकावर होतात. कार्यालयातील संगणक परस्परांना जोडलेले असल्याने एका यंत्रात शिरलेला विषाणू अल्पावधीत इतर यंत्रांत पसरू शकतो. म्हणून अँटीव्हायरस केवळ बसविणे पुरेसे नसून तो प्रत्येक यंत्रावर अद्ययावत असणे आवश्यक आहे.

अँटीव्हायरस मुख्यतः ज्ञात विषाणूंच्या खुणांच्या यादीवरून विषाणू ओळखतो. ही यादी दररोज सुधारली जाते. ती जुनी राहिली तर पहारेकरी दारात उभा असूनही नव्या चोराला ओळखत नाही.

विलंब आणि घाई

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला. त्याला अटकाव करणारी विंडोजची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध झाली होती. ती न बसविल्यामुळे ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे संगणक बंद पडले व हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. यावरून अँटीव्हायरसबरोबर विंडोजही अद्ययावत ठेवणे किती निकडीचे आहे, हे स्पष्ट होते.

घाईही धोक्याची असते. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि विमानसेवाही विस्कळीत झाल्या.

कार्यपद्धती

१. शक्य तेथे एकाच सर्व्हरने अपडेट उतरवून घ्यावे व तेथून सर्व यंत्रांना द्यावे. यामुळे इंटरनेटवरील भार कमी होतो आणि कोणते यंत्र मागे राहिले, हे एका ठिकाणी दिसते.

२. विषाणूंची यादी विनाविलंब स्वयंचलित रीतीने घ्यावी. अँटीव्हायरसची नवी आवृत्ती मात्र प्रथम दोनतीन यंत्रांवर तपासावी व मगच सर्वत्र बसवावी.

३. रजेवरील कर्मचाऱ्याचा बंद संगणक, दौऱ्यावरील लॅपटॉप आणि इंटरनेट नसलेले यंत्र यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. अशी यंत्रे बहुधा मागे राहतात.

४. परवान्याची मुदत नोंदवहीत लिहून नूतनीकरणाचा प्रस्ताव वेळेपूर्वी सादर करावा.

५. महत्त्वाच्या माहितीची प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी. अँटीव्हायरस अपुरा पडल्यास तीच उपयोगी पडते.

विषाणूचा उपद्रव आढळताच त्या यंत्राची तार काढून ते वेगळे करावे. २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला देणे बंधनकारक करण्यात आले आहे.

या सर्व कामांसाठी एका कर्मचाऱ्यावर निश्चित जबाबदारी सोपवावी आणि कार्यालयप्रमुखाने दर आठवड्याला नोंदवही पाहावी. सर्वांचे म्हणून सोडलेले काम कोणाचेच राहत नाही. आणि त्याचा फटका अखेर दाखल्यासाठी खिडकीसमोर उभ्या असलेल्या नागरिकाला बसतो.