आधी पट, मग पडदा

धरमपेठ, नागपूर

चि. मृण्मयी,


तू विद्यापीठात गेम डिझाइन शिकवणार हे ऐकून फार आनंद झाला. पुण्यात शिकवणार म्हणजे वर्गातल्या निम्म्या पोरांना ‘राजी’सारखंच काहीतरी करायचं असेल. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने २०२० साली आणलेला तो गेम देखणा आहेच, पण ते अख्ख्या स्टुडिओचं काम. एका सत्रात पोरं त्याच्या मागे लागली तर चित्रं आणि कोडिंग यांतच अडकतात, खेळ राहून जातो. म्हणून पहिला महिना कॉम्प्युटर उघडूच देऊ नकोस.

अष्टाचंगा मांड. २५ घरांचा पट, ४ कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असं धरलं, तर १६ शक्यतांपैकी दोनाचं दान ६ वेळा, आठाचं एकदाच. खरी कवडी इतकी सरळ वागत नाही. पोरांना शंभरदा टाकून लिहून काढू दे. मग एकच नियम काढ: सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही, तो. थोड्याच वेळात पटावरची खुन्नस जाते, नुसती शर्यत उरते, जो तो आपल्याच सोंगटीकडे बघतो. नियम बदलला की वागणं बदलतं, आणि वागण्याबरोबर खेळणाऱ्याच्या मनातलंही. हुनिके, लेब्लांक आणि झुबेक यांनी २००४ च्या निबंधात हेच मांडलंय. तो वाचायला दे, पण खेळून झाल्यावर.

दुसरी गोष्ट याहून अवघड. पोरं आपापले खेळ करतील, तेव्हा दुसरा कुणी खेळत असताना, ज्याने खेळ केला त्याने तोंड उघडायचं नाही. समोरचा अडला की “अरे, तिकडून जा ना” असं जिभेवर येतंच. बोलू द्यायचं नाही. हात कुठे थांबला, नियमांचा कागद पुन्हा कधी उचलला, मोबाइलकडे नजर कधी गेली, एवढं वहीत टिपायचं. तू इकडे आलीस की आपण ट्रॅफिक पार्कात जाऊन बसू. मुलांना रहदारी शिकवायला सिग्नल मांडलेत, आणि मुलं त्यातून आपलेच नियम काढून पळापळी करतात. पाहण्यासारखं असतं ते.

गुण देताना तयार खेळाला निम्म्याहून कमी ठेव. बाकीचे त्या टिपणवहीला, आणि टिपणं वाचून कोणता नियम बदलला, का बदलला, याला. विभागात कुरकुर होईल, कारण प्रदर्शनात चकचकीत खेळच उठून दिसतो. तरी गुणांची ही वाटणी पहिल्याच दिवशी वर्गाला लेखी देऊन टाक, म्हणजे पुढे कुणाला फिरवता येणार नाही.

तुझा,
मामा