उतरणीसाठी गुडघे राखा

गडाची चढण दम काढते, पण गुडघा दुखावतो तो बहुधा उतरताना. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडून शरीर वर उचलतात. उतरताना त्यांना ताणलं जात असतानाच सगळं वजन पेलून धरावं लागतं, आणि हे काम जास्त कठीण. पायरी उतरताना गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट जोराने दाबली जाते. सॅकचं वजन त्यात धराच. कळसूबाईच्या शिड्या उतरून बारीच्या वाटेला लागलं की पाय लटलटतात ते यामुळेच. दमलेले स्नायू भार सोडून देतात आणि धक्का थेट कूर्चेवर जातो. म्हणून माथ्यावर पोहोचलात तेव्हा पायांत निम्मी ताकद उरलेली असायलाच हवी. नसेल तर पुढच्या वेळी लहान गड निवडा.

ही ताकद घरी कमावता येते. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला हलकेच टेकवा आणि पुन्हा वर या. सावकाश, दोन्ही पायांनी, मोहिमेआधी दोन-तीन महिने. नी-कॅप घातल्याने धीर येतो, पण स्नायूंचं काम ती करत नाही. त्याऐवजी दोन काठ्या घ्या आणि उतरताना त्या थोड्या लांब करा. घसाऱ्यावर पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला.

सांधण दरीसारख्या धोंड्यांच्या वाटेवर धोका वेगळा असतो. बूट फटीत अडकतो, शरीर पुढे वळतं आणि गुडघा पिळला जातो. त्या क्षणी आत ‘कट्’ असा आवाज आला आणि तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध (एसीएल) तुटला असेल, कदाचित हाडालाही तडा गेला असेल. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकू लागला, तर संशय गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटल्याचा. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायलाच हवा. आणि कळकळीने सांगतो, सुजलेल्या गुडघ्याला तेल लावून चोळू नका, हाड बसवणाऱ्याकडून ओढून घेऊ नका. वेदनाशामक गोळी घेऊन उरलेली वाट रेटणं तर त्याहून वाईट.

मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब आणि दणकट हाड. ते मोडतं ते कड्यावरून पडल्यावर किंवा दरड अंगावर आल्यावर. अशा वेळी बाहेर थेंबही न दिसता मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. चेहरा पांढरा पडला, गार घाम सुटला, नाडी धावू लागली तर वेळ फार कमी आहे हे ओळखा. जखमीला उभं करू नका, पाठुंगळीला घेऊ नका. दोन्ही पायांमध्ये गुंडाळलेली मॅट ठेवून ते एकमेकांना रुंद पट्ट्यांनी बांधा. गाठ मोडलेल्या जागेवर नको. बोटं गरम आहेत का, स्पर्श कळतो का, हे पुन्हा पुन्हा पाहा. अंगाखाली आणि अंगावर पांघरूण घाला. खायला काही देऊ नका, लवकरच भूल द्यावी लागेल. 108 किंवा 112 ला फोन लावा. रेंज नसेल तर दोघांनी मिळून गावात उतरावं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचावपथकं स्ट्रेचर आणि दोर घेऊन येतात; तोवर घाईने हलवाहलव करू नका.

रुग्णालयात बहुतेक वेळा हाडाच्या पोकळीत रॉड घालतात. वॉकर धरून चालणं पुष्कळदा काही दिवसांतच सुरू होतं, हाड पुरतं जुळायला मात्र तीन ते सहा महिने लागतात. क्रूसबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल तर उड्या मारण्याजोगा गुडघा व्हायला नऊ महिने धरा. या काळात फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडणारे फार, आणि त्यांचाच गुडघा पुन्हा दगा देतो. नाचणीची भाकरी, दूध, तीळ ताटात असू द्या. पाळी थांबलेल्या मैत्रिणींनी हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिला गड सिंहगड घ्या. आतकरवाडीतून सावकाश चढा आणि खाली येताना गाडीने या.