इथं जमत नाही म्हणजे नक्की काय?

‘पुण्यात सगळं आहे, मग बाहेर कशाला?’ पालकांचा हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याला प्रश्न म्हणवत नाही. सांगली, सोलापूर, जळगाव, नांदेडच्या घरांत शिकायला बाहेर पडणं म्हणजे पुणे, फार तर मुंबई. त्यानंतर थेट जर्मनी किंवा अमेरिका. मधला अख्खा भारत आमच्या नकाशात नसतो. मुलगी म्युनिकला निघाली तर पेढे वाटले जातात, आणि तीच भुवनेश्वरला निघाली तर शेजारी हळूच विचारतात, ‘इथं नंबर नाही का लागला?’

खरं तर आपल्या देशातल्या कितीतरी संस्था मुलं राज्याबाहेर जातील हे धरूनच उभ्या केल्या आहेत. एनआयटीतल्या साधारण निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात. नवोदय विद्यालयांत नववीतली काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भागातून बिगरहिंदी भागात आणि तिकडची इकडे पाठवली जातात, तीही चौदा-पंधराव्या वर्षी. आणि पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगरात भाड्यानं राहणारी बिहार, आसाम, नागालँडची मुलं तर आपण रोज बघतो. त्यांच्या आईवडिलांनी घेतलेला निर्णय आपल्याला मात्र अचाट वाटतो.

हे सगळं असलं तरी, ‘मला इथं करमत नाही, मला लांब जायचंय’ असं पोरानं म्हटलं की लगेच तिकीट काढा, असं मी सांगत नाही. आधी एवढंच शोधायचं असतं की चप्पल चावतेय की वाट चुकलीय. दोन्हींत पाय दुखतात.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तालुक्याच्या गावातली मुलगी, बारावीला उत्तम गुण, पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. वडील आणि ती, दोघं माझ्याकडे सल्ल्याला आले. वडील म्हणाले, ‘सर, हिला बेंगळुरूला जायचंय. कॉलेज बदलून द्या.’ कारण विचारलं तर ती म्हणाली, वर्गातली मुलं फार वेगळी आहेत, माझं त्यांच्यात जमत नाही. इंग्रजीचा त्रास आहे का? नाही. रूममेट? चांगल्या आहेत. मेस? ‘मेस सगळ्यांचीच वाईट असते.’ मग वेगळी म्हणजे कशी? पहिल्या सत्रापासून सगळे हॅकेथॉन आणि पॅकेजबद्दल बोलतात, शनिवार-रविवारही लॅपटॉप उघडून बसतात. आणि तू काय करतेस शनिवार-रविवारी? यावर ती गप्प बसली, वडीलच बोलले. ‘दगड गोळा करते.’

पुढच्या भेटीला तिला ते दगड आणायला सांगितले. बुटाचा खोका होता. आत कापसावर ठेवलेले झिओलाइट खनिजांचे तुकडे, पांढरे, हिरवट, एक फिकट गुलाबी स्टिल्बाइट. प्रत्येकाखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी, त्यावर पेन्सिलनं खाणीचं नाव, तारीख आणि ‘पोकळीत सापडला’ किंवा ‘फुटलेल्या ढिगातून’. ही नोंद तिला कुणी शिकवली नव्हती. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी झिओलाइट आणि कॅव्हन्साइटसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, पण रोज तिथून जाणाऱ्या आपल्याला ठाऊक नसतं. हिला ठाऊक होतं.

आता या मुलीला बेंगळुरूला पाठवून काय होणार? तोच वर्ग, तेच हॅकेथॉन, जेवणात भाकरीऐवजी भात. तिला पुणे खुपत नव्हतं, शाखा खुपत होती. शहराला दोष देणं सोपं असतं, कारण शहर बदललं तर घरात भांडण कमी होतं. ‘कॉलेज चांगलं नाही’ म्हटलं की आईबाप ऐकतात. ‘मला हा विषयच नको’ म्हटलं की भरलेली फी, चुलत्यांना सांगितलेलं, सगळं वर येतं. म्हणून मुलं नकळत शहरावर ढकलतात.

मग दगडांचीच ओढ आहे म्हणून भूशास्त्र शिकायचं तर ते पुण्यातही शिकवतात, फर्ग्युसनमध्येही विभाग आहे. बाहेर जायची गरजच काय? वडिलांनी हे विचारलं, आणि योग्यच विचारलं. याचं उत्तर मात्र विषयातच दडलंय. पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकणसारखे भाग सोडले तर महाराष्ट्राची बहुतेक जमीन एकाच काळ्या कातळाची, बेसाल्टची आहे. वाळूचा खडक, चुनखडक, कोळशाचे थर, हिमालयाच्या घड्या बघायला उठून जावंच लागतं. धनबादची संस्था, जी आता आयआयटी आहे, १९२६ साली झरियाच्या कोळशाच्या पट्ट्यात निघाली ती उगाच नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून कोलकात्यात आहे, तेही कोळशाच्याच शोधातून. बनारस हिंदू विद्यापीठात बसलात तर चुनार-मिर्झापूरचा विंध्य वाळूखडक हाकेच्या अंतरावर, आणि सोनभद्रमधल्या सलखनला अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेवाळासारख्या जीवांनी घडवलेले स्ट्रोमॅटोलाइट. पुण्यात हे सगळं चित्रात बघावं लागतं.

बाहेर जायचं कारण असं असावं, बोट ठेवून दाखवता येणारं. ‘तिथं एक्स्पोजर मिळतं’ हे कारण नव्हे. एक्स्पोजर म्हणजे काय ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवतं. गोव्यातल्या साखवाळात नारळाच्या बागा सांभाळणारा हा तरुण, मराठीतून बुद्धाविषयी काही वाचतो, आणि १८९९ च्या सुमारास घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, मग सिलोन. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. गावात मन रमत नव्हतं हे खरंच, पण नुसतं तेवढ्यावर माणूस सिलोनपर्यंत पोहोचत नाही. त्यांना बौद्ध धर्म मुळातून शिकायचा होता आणि शिकवणारं कुणी गोव्यात नव्हतं. (मागं राहिलेल्या पत्नीनं, बाळाबाईंनी, त्याची काय किंमत मोजली हे कोसंबींचं कौतुक करताना आपण फारसं बोलत नाही. घर सोडणाऱ्याच्या गोष्टीत घरी राहिलेलं माणूस असतंच.)

विषयाची ओढ खरी आहे की वर्गाचा कंटाळा, हे जागचं न हलता तपासता येतं. एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या, परीक्षेसकट. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओढ टिकली तर ती खरी समजा. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिलीय, तेव्हा चालू शिक्षण न सोडता इग्नूतून दुसरा विषय चाखता येतो. थोडी पुढच्या वर्गातली विज्ञान-अभियांत्रिकीची मुलं असतील तर देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. दोन महिने दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत काम, वर विद्यावेतन. परगावचं पाणी पचतं का, हे कळायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

काही खुपणं मात्र खरोखर जागेचंच असतं. मुलगी रात्री आठनंतर लायब्ररीत थांबू शकत नाही, मुलाला आडनावावरून किंवा बोलण्यावरून रोज टोमणे बसतात, वसतिगृहात रॅगिंग चालतं. इथं ‘जरा सहन कर, सवय होईल’ म्हणणारे पालक चुकतात. रॅगिंगसाठी यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार करता येते. मन फारच खचलेलं असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. जागा बदलायची की नाही, हे त्यानंतर बघू.

आणि खुपण्याचा तिसरा प्रकार निव्वळ घरच्या आठवणीचा. पहिल्या सत्रात ती सगळ्यांनाच येते, आणि पुष्कळदा दुसऱ्या सत्रात ओसरते. राज्याबाहेर गेलेल्या मराठी मुलांची एक गंमत सांगतो. उत्तरेत आपल्या हिंदीला हसतात. दक्षिणेत आपल्याला उत्तरेचा समजतात. वसतिगृहात हिंदीवाल्यांचा एक कट्टा असतो, स्थानिकांचा एक, आणि आपलं पोर दोन्हींच्या मध्ये. याचा बाऊ करू नका. दोन्हीकडे जा-ये असलेला मुलगा पुढं मेस कमिटीत निवडून येतो, असं मी पाहिलंय.

आता कागदपत्रं. निर्णय भावनेचा असला तरी तो अडतो तारखांवर. आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा बारावीनंतर मोजक्याच वर्षांत देता येते. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांतच. म्हणजे इंजिनीअरिंग अर्धं झाल्यावर ‘मला आयसरला जायचंय’ म्हणून उपयोग नाही, तो दरवाजा बंद झालेला असू शकतो. सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेला वयाची अट नाही, त्यामुळे केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवीचा रस्ता जास्त काळ उघडा राहतो, मात्र त्या त्या विद्यापीठाचे नियम वेगळे वाचावेत. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे आधीचं शिकलेलं वाया जात नाही असं ऐकलं असेल. तत्त्वतः बरोबर, पण किती क्रेडिट मानायची हे घेणारं विद्यापीठ ठरवतं. बहुतेकदा पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची तयारी ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी गफलत अकरावीला होते. डॉक्टर व्हायचं म्हणून मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतात आणि शाळाही तिकडचीच घेतात. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली लागते, काही अपवाद वगळता. नीटला गुण चांगले, दाखला महाराष्ट्राचा, आणि तरी ८५ टक्के जागांच्या रांगेत उभंच राहता येत नाही, हे काउन्सेलिंगच्या वेळी कळलेलं एक कुटुंब माझ्यासमोर बसलेलं मी पाहिलंय. इंजिनीअरिंगला हा नियम सैल आहे. डॉक्टरकीचा विचार असेल तर दोन वर्षांसाठी लातूरच काय ते लांब.

आरक्षणाचे दाखलेही तपासा. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत चालत नाही. ओबीसी असाल तर जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढा, तहसीलमध्ये मागताना तसं स्पष्ट सांगा. आधीचं कॉलेज सोडताना ‘मूळ कागदपत्रं देत नाही’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. २०१८ च्या यूजीसीच्या अधिसूचनेनुसार संस्थांना मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, आणि फी परतीचंही वेळापत्रक ठरलेलं असतं. खासगी क्लासेसना मात्र ही अधिसूचना लागू नाही. पैशाचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. तुमची संस्था यादीत आहे का ते आधी पाहा. राज्याच्या कित्येक फी-सवलती मात्र महाराष्ट्राबाहेर लागू होत नाहीत, तो खड्डा हिशेबात धरा.

त्या मुलीच्या वडिलांचा शेवटचा प्रश्न नोकरीचा होता. ‘दगडं घेऊन खाणार काय?’ मी त्यांना नागपूरची आठवण करून दिली. वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल, खनिज शोध घेणारी एमईसीएल, सगळ्यांची मुख्यालयं तिथंच. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. एमएस्सीनंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची स्वतंत्र परीक्षा आहे. स्पर्धा कमी नाही, पण कॉम्प्युटरच्या रांगेइतकी लांबही नाही. ते म्हणाले, ‘म्हणजे परत येईल?’ मी म्हणालो, येईल की नाही सांगता येत नाही, येता येईल एवढं नक्की. त्यांना ते फारसं पटलं नाही. पण सीयूईटीचा फॉर्म त्यांनीच भरला, आणि ती बनारसला गेली.

आता पालकांसाठी थोडं रोजच्या व्यवहाराचं. दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करू नका. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नसतं. ‘आज कुणाबरोबर जेवलास?’ याला असतं, आणि त्यातून सगळं कळतं. सलग दोन आठवडे ‘एकटाच’ असं उत्तर आलं तर एकदा जाऊन या. थंडीचे कपडे इथून नेऊ नका. उत्तरेची रजई उत्तरेतच घ्यावी, पुण्याच्या दुकानातलं स्वेटर डिसेंबरच्या बनारसला पुरत नाही.

सुट्ट्यांचं वेळापत्रक प्रवेश घेतानाच मागून घ्या. बंगाल-ओडिशात मोठी सुट्टी बहुधा दुर्गापूजेला असते, दिवाळीला एखाद-दोन दिवसच. तेव्हा भाऊबीजेला पोर घरी नसणार हे आईला जूनमध्येच सांगून ठेवलेलं बरं. विद्यार्थ्यांना घरी जाण्या-येण्यासाठी रेल्वेच्या स्लीपरच्या भाड्यात सवलत आहे, तिचा फॉर्म कॉलेजच्या कार्यालयात मिळतो. आणि उत्तर प्रदेश-बिहारकडे शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते, आणि भाऊबीज आटोपून मुलं निघतात नेमकी त्याच वेळी महानगरी एक्स्प्रेस काय, तिकडच्या सगळ्याच गाड्या भरभरून जातात. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं. येण्याचं नंतर बघा, जाण्याचं तिकीट पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता काढा.