स्पोर्ट्स गाडीच्या स्प्रिंगा व शॉकअप : निवड कशी करावी?

कोकणातील व मुंबईतील आमचे अनेक कारागीर बांधव आखाती देशांतील गॅरेजांत काम करतात. काहींनी परत येऊन येथे स्वतःची गॅरेजे व सुट्या भागांची दुकाने काढली आहेत. त्यांच्याकडे एक वेगळे गिऱ्हाईक येते. त्याची गाडी बिघडलेली नसते, पण "गाडी जरा खाली बसवा, जरा कडक करा" अशी त्याची मागणी असते. या कामात मजुरी चांगली मिळते. मात्र चूक झाली तर भर वेगात वळणावर गाडी हातची जाते. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

उदाहरणासाठी आम्ही जपानची माझदा एमएक्स-5 ही दोन आसनी गाडी घेत आहोत. ती 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. 2016 पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. पहिल्या पिढीच्या गाडीचे वजन एक टनाच्या आत, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि चारही चाकांना दुहेरी विशबोन. गाडी हलकी असल्यामुळे स्प्रिंगमधला थोडासा बदलही चालवणाऱ्याला लगेच जाणवतो. शिकण्यासाठी अशी गाडी उत्तम.

स्प्रिंगचे काम वेगळे, शॉकअपचे वेगळे

स्प्रिंग भार उचलते. खड्डा आला की ती दबते, मग उसळते. तिला एकटी सोडली तर गाडी बराच वेळ झुलत राहील. ते झुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. शॉकअप गाडीचा भार उचलत नाही. तो तेल बारीक छिद्रांतून ढकलून उसळीचा जोर जिरवतो. म्हणून "गाडी खाली बसली, शॉकअप बदला" असे कोणी म्हणाले तर आधी स्प्रिंग तपासावी. आणि "गाडी नाचते, स्प्रिंग बदला" म्हणाले तर आधी शॉकअप पाहावा.

कडकपणा कसा मोजावा

एक मिलिमीटर दाबण्यास किती किलो भार लागतो, तो स्प्रिंगचा कडकपणा. जपानी माल किलो प्रति मिलिमीटर या मापात येतो, अमेरिकन माल पौंड प्रति इंचात. जपानी आकड्याला 56 ने गुणले की अमेरिकन आकडा मिळतो. 4 किलोची स्प्रिंग म्हणजे 224 पौंडांची.

स्प्रिंगवर आकडा नसेल तर व्हर्नियर लावावा. इतर मापे तीच ठेवून तार 11 मिमीऐवजी 12 मिमी घेतली तर स्प्रिंग शेकडा 42 ने कडक होते. तारेच्या जाडीतला एक मिलिमीटर म्हणूनच क्षुल्लक समजू नये.

आता चाकाकडे पाहू. विशबोनच्या गाडीत स्प्रिंग चाकावर नसते, आतल्या बाजूला आर्मवर बसते. चाक 10 मिमी वर गेले तेव्हा स्प्रिंग 7 मिमी दबली असे धरू. मग चाकावर मिळणारा कडकपणा 0.7 गुणिले 0.7, म्हणजे जवळजवळ निम्माच. 4 किलोची स्प्रिंग चाकाला 2 किलोची वाटेल. एका गाडीवर चांगला चाललेला आकडा दुसऱ्या गाडीवर चालत नाही, त्याचे हेच कारण.

दोघांची जोडी जमली पाहिजे

एका चाकावर गाडीचा 220 किलो भार आहे व चाकापाशी कडकपणा 2 किलो आहे असे समजा. ती गाडी मिनिटाला सुमारे 90 वेळा हेलकावते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीला हे ठीक. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर हेलकावे 127 च्या पुढे जातात. शर्यतीच्या सपाट मैदानावर हे चालेल. रोजच्या रस्त्यावर कंबर धरेल, आणि खडबडीत वळणावर चाक जमिनीवरून उडून पकड उलट कमी होईल.

स्प्रिंग दुप्पट केली की शॉकअपचा रोध सुमारे 1.4 पट वाढवावा लागतो. जुन्या, मूळ शॉकअपवर नुसत्या कडक स्प्रिंगा चढवणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक खूष असते. पुढे गाडी हायवेवर डोलू लागते.

शॉकअपचे मुख्य प्रकार दोन. दुहेरी नळीचा स्वस्त व मऊ असतो. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये जास्त दाबाचा नायट्रोजन असतो; तो तापला तरी तेलाला फेस येत नाही. जर्मनीची बिल्स्टाइन कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. हॉलंडच्या कोनी कंपनीच्या काही शॉकअपमध्ये उसळीचा रोध हाताने कमीजास्त करता येतो. कारागिराला स्प्रिंगशी मेळ घालायला ते सोयीचे पडतात.

खाली बसवण्याची हाव

पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये शॉकअपची धाव मुळातच कमी आहे. गाडी फार खाली आणली तर ती रबरी स्टॉपरवरच टेकून चालते. मग स्प्रिंग कितीही महाग असो, तिला काम उरत नाही. 25 ते 30 मिमीच्या पुढे जाऊ नये असा आमचा सल्ला आहे. अनेक जाणकार 1998 च्या दुसऱ्या पिढीचे वरचे माउंट पहिल्या पिढीत बसवतात. त्याने थोडी धाव परत मिळते.

स्प्रिंग कापणे तर सोडाच. कामाचे सहा वेटोळे असतील व एक कापले तर स्प्रिंग शेकडा 20 ने कडक होते, टोक बैठकीवर नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की ती सैल होऊन सरकते. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवली तर पोलादाचे पाणीच उतरते. ती पुढे बसत जाईल किंवा तुटेल.

बसवताना

स्प्रिंग शिकंजाने दाबल्याशिवाय वरचा नट कधीही खोलू नये. दबलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. चकचकीत रॉड पकडीने धरू नये, ओरखडा पडला की ऑईल सील फाटते. दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खेचून दाबावा. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबरी बुश पीळ खाऊन लवकर फाटतात. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची तपासावी.

गिऱ्हाइकाला काय सांगावे

आधी टायर व बुश पाहा, मग शॉकअप, आणि गरज असेल तरच स्प्रिंग. हा क्रम सांगितल्याने आजची कमाई कदाचित घटेल, पण गिऱ्हाईक कायमचे होईल. कायद्याचेही भान ठेवावे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ने गाडीतील फेरफारावर बंधने घातली आहेत. आखातात असाल तर तेथील तपासणीचे नियम विचारूनच काम हाती घ्यावे.

बाजारात जुन्या शॉकअपला नवे तेल व नवा रंग देऊन नवा म्हणून विकणारे आहेत. कापलेली स्प्रिंग 'खास स्पोर्ट्सची' म्हणून खपवणारेही आहेत. धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांना आत ओल लागली आणि त्यांनी विक्रेत्याला ओला माल वर ठेवायला सांगितले, जेणेकरून लोकांना तो दिसावा, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रंगाखाली लपवलेला जुना शॉकअप म्हणजे ढिगाखालचे ओले धान्यच. फरक इतकाच की येथे नुकसान पैशांवर थांबत नाही.

दुरुस्त केलेला माल विकणे गैर नाही. तो दुरुस्त केलेला आहे असे सांगून, पावतीवर तसे लिहून, त्याच्याच भावात विकावा. गाडीत बसणाऱ्याचा जीव आपल्या हाती अमानत आहे, एवढे ध्यानात ठेवून पाना उचलला तर अल्लाह रोजीत बरकत देईल, इन्शाअल्लाह.