दवाचे हिमकण

मुलांनो, जानेवारीत राजारामपुरीतून सकाळच्या शाळेला निघताना तुम्ही स्वेटर घालता. मग पन्हाळ्याची सहल ठरते आणि कोणीतरी विचारतेच, "तिथे बर्फ पडेल का?" नाही. सह्याद्रीत बर्फ पडत नाही. साधारणपणे हजार मीटर चढले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे. म्हणजे फरक दोन-अडीच अंशांचाच.

पण महाबळेश्वरची गोष्ट ऐका. तिथे एखाद्या कडक हिवाळ्यात पहाटे पाने, गवत आणि गाड्यांचे टप पांढरे होतात. ते आकाशातून पडलेले बर्फ नसते. तुम्ही जिला उर्दूत शबनम म्हणता, तेच हे दव. ते गोठते आणि त्याचे हिमकण होतात. नवल असे, की हे बाजारपेठेत फारसे दिसत नाही. ते दिसते खाली, वेण्णा तलावाच्या काठी!

असे का होते? आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, की रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिला लागलेली हवा गार होते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि सखल जागी साचते. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर असतो. तो चार-पाच अंश दाखवतो, तेव्हा खाली गवतावर पारा शून्याला टेकलेला असू शकतो.

म्हणून डोंगरावर मुक्काम करायचा असेल, तर ओढ्याकाठची खोलगट जागा निवडू नका. अगदी उघडा कडाही नको. तिथे वारा अंगातली ऊब पळवतो. चढताना घामाने भिजलेला सदरा थांबल्याबरोबर बदला. ओले सुती कापड थंडीत शत्रूच समजा. सोबती कुडकुडू लागला, अडखळत बोलू लागला, तर "चल, चालल्यावर बरे वाटेल" असे म्हणू नका. त्याला आडोशाला न्या, कोरडे कपडे द्या, पांघरूण घाला. तो शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर गरम गोड चहा पाजा आणि मोठ्या माणसांना ताबडतोब बोलवा.

तुमच्यापैकी कोणी पुढे हिमालयातही जाईल. तिथे खरे बर्फ असते आणि ताजे बर्फ उतारावरून कोसळतेही. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर २०२१ साली एव्हरेस्ट चढायला गेल्या होत्या. हवामान बिघडले, तेव्हा त्या परत फिरल्या. मे २०२२ मध्ये त्या पुन्हा गेल्या आणि शिखरावर पोहोचल्या.