हिमालयातील यात्रा आणि हिमस्खलन : भाविकांसाठी उपयुक्त माहिती

श्रीक्षेत्र लोणार येथे दर्शनास येणारे अनेक भाविक पुढे केदारनाथ, बदरीनाथ, अमरनाथ या हिमालयातील क्षेत्रांची यात्रा योजतात. विदर्भातील माणसाला उन्हाचा ताप ठाऊक असतो, पुराचे पाणी ठाऊक असते. बर्फाचा स्वभाव मात्र अपरिचित असतो. यासाठी ही माहिती येथे देत आहोत.

तिथी आणि बर्फ

केदारनाथ मंदिराचे द्वार भाऊबीजेस बंद होते. ते उघडण्याची तिथी महाशिवरात्रीस उखीमठ येथे पंचांगानुसार जाहीर केली जाते. ती बहुधा एप्रिलअखेर किंवा मेच्या प्रारंभी येते. हा क्रम हिवाळ्याला धरूनच बसलेला आहे. तथापि, द्वार उघडले म्हणजे वाट निर्धोक झाली, असे नव्हे. गौरीकुंडापासूनच्या सुमारे १६ किलोमीटरच्या पायवाटेवर, वरच्या टप्प्यात, भैरव आणि कुबेर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या घळी लागतात. डोंगरावरून घसरलेला बर्फ त्यांत साचतो व तो कापून वाट काढावी लागते. मे २०२३ मध्ये द्वार उघडल्यानंतर येथे पुन्हा बर्फ कोसळला आणि यात्रा काही काळ थांबवावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये हेमकुंड साहिबच्या वाटेवर अटलाकोटी येथे बर्फाखाली सापडून एका यात्रेकरू महिलेचा मृत्यू झाला.

बर्फ का कोसळतो?

डोंगरावरील बर्फ थरांनी साचतो. एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो व वरच्या थरास घट्ट धरून ठेवत नाही. त्यावर नव्या हिमवर्षावाचा, वाऱ्याने लोटलेल्या बर्फाचा किंवा माणसाच्या पावलाचा भार पडला की वरचा थर फळीसारखा तुटून निसटतो. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाने मुरलेले पाणीही हेच घडविते.

उताराचा अंदाज येण्यासाठी आपल्या सरोवराचेच उदाहरण घ्यावे. कमळजादेवीच्या दर्शनास उतरताना लागणारा विवराचा आतील उतार साधारणतः पंचवीस ते तीस अंशांचा आहे. याहून थोडा अधिक, म्हणजे तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार हिमस्खलनास सर्वाधिक अनुकूल असतो. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही. म्हणजेच धोक्याचा उतार पाहताक्षणी भयंकर वाटेलच असे नाही.

जोरदार हिमवर्षावानंतरचा एक-दोन दिवसांचा काळ विशेष धोक्याचा असतो. आकाश निरभ्र होते, ऊन पडते आणि यात्रेकरूस निघण्याचा मोह होतो. नेमके तेव्हाच थांबणे इष्ट. जयघोषाने बर्फ कोसळतो, ही समजूत मात्र खरी नाही. तो भाराने कोसळतो. छायाचित्रासाठी वाट सोडून उतारावर जाणे हे नामघोषापेक्षा कितीतरी घातक होय.

भाविकांना विनम्र सूचना

१. शासकीय नोंदणी केल्याशिवाय निघू नये. हवामान खात्याचा अंदाज व चंडीगड येथील डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा यांची माहिती स्थानिक प्रशासनाकडून घ्यावी.
२. बर्फाच्या घळी शक्यतो सकाळी लवकर ओलांडाव्यात. तेथे विश्रांतीस थांबू नये, गर्दी करू नये. अंतर ठेवून चालावे.
३. पायाखाली धप्प असा आवाज झाला किंवा बर्फास भेग गेलेली दिसली तर तत्काळ मागे फिरावे.
४. कोणी बर्फात ओढला गेल्यास तो शेवटी दिसलेली जागा ध्यानात ठेवावी. आणखी बर्फ येत नाही हे पाहून लगेच शोध सुरू करावा व मदत पथकास कळवावे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेकजण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते.
५. स्वतः सापडल्यास वर येण्याची धडपड करावी. बर्फ स्थिरावण्यापूर्वी तोंडापुढे हात धरून श्वासासाठी पोकळी राखावी.

दात्यांसाठी दोन शब्द

फेब्रुवारी २०२५ मध्ये बदरीनाथजवळील माणा येथे रस्ते बांधणीचे ५४ कामगार हिमस्खलनात सापडले. त्यांपैकी ८ जणांचा मृत्यू झाला. पर्वतात वावरणाऱ्यांवरही असा प्रसंग येतो. मग सपाटीवरून गेलेल्या वृद्ध यात्रेकरूंची काळजी किती घ्यावी! परतीचे आरक्षण चुकेल या धास्तीने अनेकजण मनाई असतानाही पुढे जाऊ पाहतात. म्हणून सामूहिक यात्रेस अर्थसाहाय्य करणाऱ्या दात्यांनी दोन-तीन राखीव दिवसांच्या निवास-भोजनाचा खर्च आरंभीच धरावा. हे द्रव्य अन्नदानाइतकेच सत्कारणी लागेल.

वाटेत रोखले गेल्यास यात्रा निष्फळ झाली असे मानू नये. दर्शन पुढील वर्षीही घडेल. आपणा सर्वांची यात्रा सुखरूप होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.